पहिला रॉक अल्बम करताना कोणतं काम आधी, कोणतं नंतर

‘मिक्समध्ये बघू की.’ तालमीच्या खोलीत कुणी असं म्हटलं, की समजायचं अल्बम महाग पडणार. (मिक्स म्हणजे सगळं रेकॉर्ड झाल्यावर वाद्यं आणि गायन यांचे आवाज एकमेकांशी जुळवणं.) बेसची तार खरखरतेय, मिक्समध्ये बघू. ध्रुवपदाच्या शेवटी चौघं चार ठिकाणी थांबतात, मिक्समध्ये बघू. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात चांगलं वाजवणारी पोरं कमी नाहीत. तरीही अल्बम अर्ध्यात रखडतात, कारण जिथलं काम तिथं न संपवता पुढं ढकललेलं असतं. पुढच्या टप्प्यावर तेच काम दुप्पट वेळ खातं, आणि तासाचे पैसे मोजून खातं.

खालचा क्रम चार-पाच जणांच्या बँडसाठी आहे: ड्रम, बेस, एक-दोन गिटार, गायक आणि आठ-नऊ मराठी गाणी. एखादं कन्नड गाणं असेल तरी क्रम तोच.

## टप्पा १ : गाणी निवडा, मोजा, आखा

बारा-पंधरा गाणी हाताशी असली तर आठ-नऊच ठेवा. सात किंवा जास्त ट्रॅक, नाहीतर एकूण लांबी ३० मिनिटांच्या वर, एवढ्यावर ऑनलाइन प्लॅटफॉर्म साधारणपणे अल्बम धरतात. त्यासाठी भरती करायची गरज नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला हमखास चालणाऱ्या गाण्याकडं जरा संशयानंच बघा. समोर पोरं नाचत असताना लांबलेला सोलो खपतो. हेडफोन लावून संकेश्वरच्या एसटीत बसलेला माणूस तो सरळ पुढं सरकवतो.

आता प्रत्येक गाण्याला एक पान द्या. वेग किती बीपीएम (मिनिटाला ठोके), पट्टी कोणती, सुरुवातीला किती बार (तालाची आवर्तनं), कडवं किती, ध्रुवपद किती, सोलो किती, शेवट कसा, हे सगळं त्यावर लिहा. ‘शेवटी बघून थांबायचं’ असं लिहिलेलं पान अपुरं समजा. ध्वनिमुद्रणात प्रत्येक जण वेगळ्या वेळी वाजवणार आहे, तेव्हा बघणार कुणाकडं?

वेग गायकाच्या श्वासावरून ठरवा, ड्रमरच्या उत्साहावरून नको. तेच गाणं १४०, १३६ आणि १३२ वर वाजवा. फोन खोलीच्या मधोमध ठेवून तिन्ही रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. तालमीनंतर लगेच ऐकलं की सगळ्यांना सर्वात जलद असलेलंच आवडतं. सकाळी ऐकताना शब्द कुठं गिळले जातात ते कळतं.

मग लॅपटॉपवर पूर्ण गाण्याचा डेमो करा. आवाज कसाही असू दे, पण प्रत्येक वाद्यानं कुठं काय वाजवायचं ते त्यात ठरलेलं हवं. सोलोसुद्धा निदान ढोबळ आकारात बसलेला हवा. ‘स्टुडिओत सुचेल’ हे तासाला पैसे न मोजणाऱ्यांनी म्हणावं.

तपासा : गायकाला बाहेर बसवा. उरलेल्यांनी क्लिकवर, म्हणजे ठरल्या वेगानं कानात वाजणाऱ्या टिकटिकीवर, अख्खं गाणं न चुकता वाजवायचं. त्यानंतर ड्रमरनं एकट्यानं, फक्त क्लिक ऐकत, पूर्ण गाणं. गायकाच्या ओळी ऐकून जागा ओळखायची सवय असेल तर ती इथंच उघडी पडते. यात जे गाणं पास होत नाही त्याला स्टुडिओची तारीख द्यायची नाही.

## टप्पा २ : पैसे काढण्याआधी सह्या

या कामाचा संकोच वाटतो, म्हणून ते राहून जातं. मग एक जण बेंगळुरूला नोकरीला लागतो, दुसरा पुण्याला, आणि चाल कुणाची यावर मित्र एकमेकांचे फोन घेईनासे होतात.

भारतीय कायद्यात गीत, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. तिन्हींची मालकी गाण्यागणिक लिहून काढा. बँडचं नाव कुणाचं, कुणी सोडून गेला तर त्याचा वाटा काय, खर्च आधी कुणाचा फिटणार, हेही लिहा. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, ही २०१२ च्या दुरुस्तीतली तरतूद आहे. तेव्हा ‘सगळे हक्क कायमचे आमचे’ असा छापील कागद कुणी पुढं केला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

अभंगावर रॉक करण्याची आपल्याकडं हौस फार. तुकोबांचे शब्द कुणालाही घेता येतात, कारण लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पण त्या अभंगाची आपण लहानपणापासून ऐकलेली चाल बहुधा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असते आणि तिच्यावर हक्क शाबूत असू शकतो. शब्द घ्या, चाल स्वतःची करा.

इशारा : जुन्या गाण्याची कव्हर आवृत्ती पहिल्या अल्बममध्ये नको. मालकाच्या परवानगीऐवजी कायद्यातल्या तरतुदीनं करायची तर मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, आधी नोटीस द्यावी लागते आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. परवानगी नाही आणि या अटीही पाळल्या नाहीत, असं एक गाणं अख्खा अल्बम खाली उतरवू शकतं.

## टप्पा ३ : तारखा आणि जागा

आपल्याकडं ध्वनिमुद्रणाची तारीख पंचांग आणि पाऊस दोन्ही बघून ठरवावी लागते. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या शेडमध्ये माइक लावायचाच नाही. पावसाची सर आली की पत्रा ड्रमपेक्षा मोठ्यानं वाजतो. गणेशोत्सवात अर्धा बँड मंडळात असतो आणि अर्धा ढोल पथकात. लग्नसराईत साउंडवाल्याचे माइक आणि स्टँड मिळत नाहीत. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरतं, तेव्हा बाहेरून इंजिनिअर बोलावणार असाल तर लॉजची खोली आधी धरा. दिवाळी संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ एकूण बरा. त्यातले सलग तीन-चार दिवस ड्रमसाठी राखून ठेवा.

सगळं एकाच जागी करायचा हट्ट सोडा. ड्रमला मोठी, उंच छताची खोली लागते. गिटार, बेस आणि गाणं घरी होऊ शकतं. बजेट थोडं असेल तर ड्रमपुरता कोल्हापूर, गोवा किंवा पुण्याचा स्टुडिओ घ्या आणि उरलेलं घरी करा. पावसाळ्यात गोवा धरलात तर चोर्ला घाटाचा भरवसा धरू नका. स्टुडिओ ठरवताना तीन प्रश्न फोनवरच विचारा: दर तासाला की गाण्याला, इंजिनिअर दरात धरलाय का, आणि सगळे सुटे ट्रॅक तुमच्या डिस्कवर देणार का. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा बघा.

स्टुडिओ परवडत नसेल तर निपाणीतली रिकामी तंबाखूची वखार किंवा खानापूरकडचं मोठं कौलारू घर ड्रमला छान बसतं. उतरत्या छतामुळं आवाज एकाच जागी घुमत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली शेड फुकट मिळत असली तरी आधी कामाच्या दिवशी दुपारी जाऊन ऐका. शेजारी कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशीन असेल तर भिंतीतून आवाज येतोच, विजेच्या लाइनीतूनही येतो.

खोलीला अंड्याचे ट्रे चिकटवू नका. त्यांनी वरचा थोडासा चकचकीतपणा जातो, घुमणारा खर्ज तसाच राहतो, आणि खोली घुसमटल्यासारखी वाजते. त्यापेक्षा कापसाच्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा आणि ड्रमरच्या मागं दोरीवर दोन जाड वाकळा टाका. कायमची सोय करायची तर लाकडी चौकटीत चार इंच जाडीचा रॉकवूल भरून वर कापड ताणा.

तपासा : खोलीत दहा मिनिटं कुणीही न बोलता माइक चालू ठेवा आणि हेडफोनवर ऐका. पंखा, फ्रीज, शेजारचा कुकर, देवळाचा भोंगा, सांबऱ्याकडं जाणारं विमान, रेल्वेचा हॉर्न, जे ऐकू येईल ते वेळेसकट लिहा. वेळापत्रक त्यावरून आखा.

## टप्पा ४ : वाद्यं आणि वीज

गिटारच्या तारा ध्वनिमुद्रणाच्या एक-दोन दिवस आधी बदला, म्हणजे ताणून बसतात. बेसच्याही बदला, महाग पडल्या तरी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नेक वाकते. पाऊस गेल्यावर एकदा सेटअप करून घ्या. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि त्याच जागचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळत नसेल तर ती गिटार वरच्या पट्ट्यांत बेसूरच वाजणार, आणि मिक्समध्ये ते कुणालाही दुरुस्त करता येत नाही.

घोंगावणारा ५० हर्ट्झचा आवाज बहुतेक वेळा अर्थिंगमुळं येतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर चालवा. घरातला स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर अँप लावू नका, भुणभुणतो. लाइट गेली तर चहा प्या.

इशारा : घोंगाट घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकला, अशा वेळी बसलेला झटका जीव घेऊ शकतो.

## टप्पा ५ : ड्रम

अल्बमच्या आवाजाचा पाया इथं पडतो, म्हणून घाई इथं करायची नाही. पहिला अख्खा दिवस फक्त मांडणी आणि सूर लावण्यात गेला तरी चालेल.

हेड (ड्रमच्या तोंडावर ताणलेलं आवरण) नवे चढवा, आदल्या दिवशीच. प्रत्येक बोल्टजवळ काठीनं हळू टकटक करत सगळीकडं सूर एकच येईपर्यंत पिळा. खालच्या हेडला बहुतेक जण हात लावत नाहीत, आणि टॉम (किटमधला मधल्या आकाराचा ड्रम) ‘भद्’ वाजतो तो त्यामुळंच. ड्रमखाली सतरंजी अंथरा आणि प्रत्येक पायाच्या जागी टेपची खूण करा. दुसऱ्या दिवशी कुणीतरी किट हलवतोच.

आठ इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) असेल तर किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम), स्नेअरची (समोरचा कडक वाजणारा ड्रम) वरची आणि खालची बाजू, दोन टॉम, हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) आणि दोन ओव्हरहेड (किटच्या वर टांगलेले माइक). चारच इनपुट असतील तर किक, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड. नीट लावले तर रॉकला एवढे पुरतात.

ओव्हरहेड सुतळीनं लावा. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मधोमध धरा, दुसरं पहिल्या माइकपर्यंत ताणून गाठ मारा. त्याच गाठीवर दुसरा माइक आला पाहिजे. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. एक माइक एक फूट लांब गेला तर स्नेअर दोनदा पोचते आणि पातळ वाजते. मांडणी झाली की स्नेअरचा माइक आणि ओव्हरहेड एकत्र ऐका, एकाची पोलॅरिटी (सिग्नलची दिशा) उलटी करा, पुन्हा ऐका. ज्यात स्नेअर जाड वाटते ते ठेवा.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. सर्वात जोराचा फटका उणे १० डेसिबलच्या आसपास राहू दे. तांबडा दिवा लागला म्हणजे टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) गेला. एका ट्रॅकचं एक मिनिट साधारण ८.६ एमबी होतं. बारा ट्रॅक, चार मिनिटांची नऊ गाणी, प्रत्येकी चार टेक धरले तर १५ जीबी. डिस्क स्वस्त आहे, त्यामुळं टेक पुसू नका.

ड्रमरच्या कानात क्लिक आणि गाईड गिटार-गायन असावं. तालमीच्या डेमोतलंच गाईड चालतं. दोन बार मोजणी आधी ठेवा. पहिल्या तीन टेकमध्ये गाणं जमलं नाही तर दुसरं घ्या आणि जेवून परत या. थकल्यावर ड्रमर हाय-हॅट जोरात आणि स्नेअर हलकी मारायला लागतो. हाय-हॅट सगळ्या माइकांत शिरली की पुढं काही करता येत नाही.

तपासा : जागा सोडण्याआधी प्रत्येक गाण्याचा निवडलेला टेक बेस वाजवणाऱ्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा. ड्रमर स्वतःचे रोल ऐकतो, बेसवाल्याला किक कुठं पडते ते कळतं.

## टप्पा ६ : बेस, गिटार आणि हलगी

बेस आधी, मग ऱ्हिदम गिटार, मग लीड. प्रत्येक वेळी अँपच्या माइकबरोबर डीआय बॉक्समधून (गिटार अँपशिवाय थेट जोडणारी डबी) कोरा सिग्नलही घ्या. नंतर टोन बदलायची वाट उघडी राहते. रेकॉर्ड करताना बफर (संगणक आवाज साठवून पुढं देतो तो तुकडा) १२८ ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर तो जेमतेम पावणेतीन मिलिसेकंदांचा होतो, उशीर हाताला जाणवत नाही. दर दोन टेकनंतर ट्यूनर लावा. डिस्टॉर्शन तालमीत ठेवता त्यापेक्षा कमी ठेवा. दोन गिटार एकावर एक चढल्या की ते आपोआप वाढतं, आणि जास्त घातलेलं काढता येत नाही.

हलगी घेणार असाल तर तिच्यासाठी वेगळा दिवस काढा. कातडं शेकून ताणायला जागा लागते, आणि ते थंड झालं की सूर उतरतो, म्हणून शेकणं आणि टेक यांच्यामध्ये गप्पा नकोत. माइक जवळ धरू नका. हात-दीड हात नाही, चांगला मीटरभर लांब, आणि पातळी ड्रमपेक्षा खाली. काडीचा फटका मीटरला दिसण्याआधीच फाटलेला असतो. वाजवणाऱ्या मामांच्या कानात टिकटिक क्लिक घालू नका. ड्रमचा ट्रॅक द्या, ते त्यावर बरोबर बसतात. बिदागी त्याच दिवशी, पावती करून, आणि अल्बमवर नाव कसं हवं ते त्यांनाच विचारून.

## टप्पा ७ : गायन

गायन शेवटी, पण उरलेल्या वेळात नव्हे. दिवसाला दोन गाणी, जास्तीत जास्त अडीच-तीन तास. सकाळी उठल्या-उठल्या गळा बसलेला असतो; दुपारनंतरची वेळ घ्या. पंखा बंद लागतो, म्हणूनही थंडीचे दिवस बरे.

माइकपासून तोंड एक वीत, मध्ये पॉप फिल्टर (तोंडाचा झोत अडवणारी जाळी). मराठीत प, फ, भ यांचा झोत जोरात येतो. माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा वर लावून ओठांकडं कलता करा. गीताचा कागद मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला छापलेला, टेपनं चिकटवलेला. पान उलटल्याचा आवाज चांगल्या टेकमध्ये हमखास येतो.

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते ऱ्हस्व-दीर्घाकडं. ‘मन दुखतं’ ही ओळ लांब सुरावर बसवली आणि ‘म’ ताणला, की ऐकणाऱ्याला मान दुखतेय असं वाटतं. सूर ताणायचा असेल तर तो दीर्घ अक्षरावर ताणा, नाहीतर ओळ बदला. हे टप्पा १ मध्ये सापडायला हवं. नसेल सापडलं तर रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी कागदावर प्रत्येक लांब सुराखाली रेघ मारून तपासा. आणि बेळगावी हेल आहे तो राहू दे. उगाच पुणेरी केलेला उच्चार तिसऱ्या ओळीत घसरतो.

प्रत्येक गाण्याचे चार पूर्ण टेक घ्या, मग ओळीओळीनं निवडा. वेगळ्या दिवशीच्या ओळी एकमेकींत जोडू नका, आवाजाचा पोत बदललेला कळतो.

तपासा : गाणं माहीत नसलेल्या एखाद्याला, घरातल्या आत्यालाही चालेल, एकदाच ऐकवा आणि शब्द लिहायला सांगा. ज्या ओळी चुकल्या त्या त्याच दिवशी पुन्हा गा.

## टप्पा ८ : फाइली, मिक्स, मास्टर

मिक्स करणाऱ्याला फाइली देताना प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू झालेला, २४ बिट वेव्ह, नाव रोमन अक्षरांत आणि वाद्यासकट. देवनागरी नावं दुसऱ्या संगणकावर कधीकधी मोडतात. बरोबर बीपीएम, गीत आणि तुमचा कच्चा मिक्स द्या. सगळ्याच्या दोन प्रती, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

आधी एकाच गाण्याचा मिक्स करून घ्या. तो पटला की बाकीची त्याच दिशेनं जातात. दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात आहेत ते आधी ठरवा. सूचना एकानंच पाठवायच्या, वेळ लिहून: ‘२:१४ ला गिटार कमी’. प्रत्येकानं आपापलं वाद्य वाढवायला सांगितलं तर शेवटी फक्त व्हॉल्यूम वाढतो. फोनच्या स्पीकरवर, कारमध्ये आणि अगदी हळू आवाजात ऐका. हळू ऐकताना गायक आणि स्नेअर हरवत नसतील तर मिक्स जमला. मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) गिटार गायब होत असेल तर परत पाठवा.

मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) शक्यतो दुसऱ्या कानांकडून. मिक्सवर ३ ते ६ डेसिबल जागा मोकळी आणि मास्टर चॅनलचा लिमिटर (आवाज एका पातळीवर रोखणारं साधन) काढलेला. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आवाज जुळवतं, म्हणून सगळं ठोकून मोठं करण्यात अर्थ नाही. ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. गाण्यांचा क्रम आणि मधली शांतता इथंच ठरवून द्या.

## टप्पा ९ : प्रकाशन

बँडचं नाव आधी प्लॅटफॉर्मवर शोधून बघा. त्याच नावाचा दुसरा कलाकार असेल तर तुमची गाणी त्याच्या पानावर जातील. नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि सगळीकडं तेच वापरा. भाषा ‘मराठी’ निवडा; यादीत हिंदी वर दिसते म्हणून ती दाबली जाते आणि गाणी चुकीच्या यादीत पडतात. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर वेबसाइट किंवा फोन नंबर नको, परत येतं.

प्रत्येक गाण्याला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाची ओळख) लागतो; बहुतेक वितरक (गाणी प्लॅटफॉर्मवर चढवणाऱ्या कंपन्या) तो देतात. तो तुमच्या गाण्याच्या पानावर लिहून ठेवा, पुढं वितरक बदलला तरी तोच चालवायचा असतो. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व प्रकाशनाआधी घेतलेलं बरं.

वितरकाकडं चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडं गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी, आणि एका वेळी एकच गाणं सुचवता येतं. त्यामुळं कोणतं ते भांडण आधीच उरकून घ्या.

तपासा : प्रकाशनाच्या दिवशी स्टेटस टाकण्याआधी प्रत्येक प्लॅटफॉर्मवर सगळी गाणी शेवटापर्यंत ऐका. जुना मिक्स चढलेला असणं, शेवटचे दोन सेकंद कापले जाणं, गीतकाराचं नाव गळणं, या तिन्ही गोष्टी सर्रास होतात. सापडलं तर त्याच दिवशी वितरकाला लिहा, आणि दुरुस्त फाइल पाठवताना आयएसआरसी जुनाच द्या.